गाव बुडालं ती तारीख

एका छोट्या दैनिकाच्या सातारा आवृत्तीत मी बरीच वर्षं उपसंपादक होते. आतल्या पानावर पंचांग, बाजारभाव आणि त्यांच्या खाली बोटभर जागेत 'दिनविशेष' असायचा. ती जागा माझी. उद्याच्या तारखेला पूर्वी जगात काय घडलं ते मी आज दुपारी लिहून द्यायची. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठलं युद्ध सुरू झालं, कुठला करार झाला. ऑफिसात त्या कामाला कुणी काम समजत नव्हतं. पान लावणारा मुलगासुद्धा म्हणायचा, "मॅडम, मागच्या वर्षीचंच टाकू का? इतिहास काय बदलतोय का?"

तो मजकूर मन लावून वाचणारा एकच वाचक मला ठाऊक होता, तो म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, विट्याच्याही पलीकडं माळावर आमचं घर. पेपर एसटीनं फाट्यावर यायचा आणि तिथून कुणीतरी गावात आणायचं. अण्णा तो घेऊन देवळाच्या पारावर बसत आणि आधी आतलं पान उघडत. इंग्लंडच्या राजानं गादी सोडली, माणूस चंद्रावर उतरला, हे सगळं ते शेजारच्या म्हाताऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. "माझ्या पोरीनं लिवलंय," हे रोज सांगत.

एका बारा जुलैला त्यांचा दुपारी फोन आला.

"पोरी, आज तू पानशेत छापलंयस."

"व्हय. दरवर्षी छापते की अण्णा. एकसष्ट साली बारा जुलैलाच फुटलं ना."

"फुटल्यालं धरण छापतीस. मग आमचं गाव धरणात गेलं, त्ये कवा छापणार?"

मला हसू आलं. म्हटलं, "तुमी तारीख सांगा, मी छापते."

मग ते म्हणाले, "तारीख तुमच्या कचेरीत आसंल की."

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण झालं आणि पाणी चढायला लागलं, तसं खोऱ्यातली गावंच्या गावं उठली आणि जिथं सरकारनं दाखवलं तिथं गेली. आमच्या वाट्याला हा माळ आला. पहिल्यापासून इथं राहणारी माणसं वाईट नव्हती, बहुतेक मेंढरं राखणारी होती, पण आम्हाला ती 'धरणातली' म्हणायची. मी शाळेत गेले तेव्हाही म्हणायची. माझ्या भावाच्या पोरांना आजही म्हणतात, फक्त आता त्या पोरांना त्याचा अर्थ माहीत नसतो.

ऑफिसात मी शोधलं. आमच्याकडं दिनविशेषाची दोन जाडजूड पुस्तकं होती, शिवाय मी स्वतः जमवलेलं बरंच होतं. धरणाचं काम कधी सुरू झालं, वीज कधी तयार झाली, हे सगळं सापडलं. सरकारी कार्यालयांतही विचारून पाहिलं. जमीन कधी ताब्यात घेतली याचे कागद असतील, असं एकानं सांगितलं. गाव पाण्याखाली कधी गेलं हे कुणी कशाला लिहून ठेवेल, असंही तोच म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं.

अण्णांना मी तसं कळवलं. "मग आमी काढतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरं तर त्यांना स्वतःला काही सांगता येण्यासारखं नव्हतं. गाव उठलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. बाकीची माणसं ट्रकनं आली. पण गुरं ट्रकात कोण घालणार, म्हणून गुरांबरोबर चुलत्याला आणि अण्णांना आधी पुढं धाडलं होतं. दोघं म्हसरं हाकत पाटण, कऱ्हाड करत चालत माळावर आले. वाटेत एक गाभण म्हैस बसली ती उठलीच नाही, तिला तिथंच सोडावं लागलं. ही गोष्ट ते आम्हाला लहानपणी पुन्हा पुन्हा सांगायचे. म्हशीचा रंग, तिच्या कपाळावरचा चांद, सगळं. पण गावात पाणी आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते निघाले तेव्हा गाव जागेवर होतं. त्यानंतर त्यांच्यासाठी ते एकदम नव्हतंच.

पारावर चौकशी सुरू झाली. तेव्हा अण्णांहून थोरली अशी तीन-चार माणसं होती. एक म्हणाला, गौरी जेवून गेल्या त्याच्यानंतर पाणी आलं. दुसरा म्हणाला, छ्या, पंचमीच्या आधीच माझ्या परड्यात पाणी हुतं. तिसरी एक बाई म्हणाली, भात पोटरीत आलं हुतं, त्यावर पाणी चढलं, मी रडलीया त्या भाताला. त्यावरून तिथं भांडण झालं. कुठल्या साली, यावरही एकमत होईना. दोघा म्हाताऱ्यांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलं, असं भावानं मला फोनवर सांगितलं. त्याला त्याची गंमत वाटत होती, पण अण्णांना वाटत नव्हती.

शेवटी सगळ्यांनी एकच सांगितलं, की तुझ्या बहिणीला जाऊन इचार.

अण्णांची थोरली बहीण, माझी आत्ती, गाव उठायच्या आधीच लग्न होऊन वरच्या अंगाच्या गावात दिली होती. ते गाव उंचावर, कोयनानगरपासून जवळ. ते बुडालं नाही. माहेर बुडताना तिनं सासरच्या दारातून पाहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर मी सुट्टी काढली आणि अण्णांना घेऊन गेले. कऱ्हाडला गाडी बदलली. पाटणच्या पुढं रस्ता वळणं घ्यायला लागला, तसे अण्णा खिडकीशी सरकून बसले. सगळ्या वाटेत एकदाच बोलले. "ह्या वाटंनं आमी उलटं आलतो," म्हणाले.

आत्ती ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. कंबरेत वाकलेली, पण नजर चांगली. भावाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास रं बाबा." चहा झाला. मग अण्णांनी विषय काढला.

"आक्का, आपल्या गावात पाणी शिरलं, तो दिवस कुठला? ही पोरगी पेपरात छापणार हाय."

"दिवस?" आत्ती म्हणाली. "पाणी काय येका दिसात आलं व्हय?"

"तरी पण. घरात कवा आलं?"

"आरं, आदी नदी फुगली. दरसालच फुगायची, कुणाला काय वाटलं न्हाई. मग वतरली न्हाई, तवा वाटलं. मग खालची वावरं गेली. मग देवळाची पायरी. मी सकाळी उठून दारात यायची आन बघायची, काल दिसत हुती ती पायरी आज न्हाई. पंचमीला पोरी झोका खेळायच्या त्या वडाची फांदी पाण्याला टेकली, त्ये माझ्या ध्यानात हाय. आपल्या घराचं छप्पर काढून नेलं हुतं तुमी, नुसत्या भिंती हुत्या. त्या कवा गेल्या म्या न्हाई बघितलं. त्या दिशी माझी पाळी हुती रानात जायाची."

"मग पंचमी म्हणायचं का?" मी विचारलं.

"कुठल्या सालची पंचमी?" आत्तीनं माझ्याकडं पाहिलं. "उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आन भिंती पुना वर आल्या. चिखुल नुसता. मी जाऊन आली. आपली चूल हुती जाग्यावर. मग पावसाळ्यात पुना गेलं. पुढच्या सालाला बी तसंच. मग भिंती पडल्या, तवापास्न कळत न्हाई कुठं काय हुतं. दरसाल बुडतंय त्ये गाव. कुठली तारीख देऊ तुला?"

अण्णा खाली बघत होते. चूल जागेवर होती हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. इतक्या वर्षांत तिनं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

आत्ती उठली आणि आत जाऊन भाकरीचं पीठ काढायला लागली. मी तिच्या मागं गेले. तिथं, चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तू पेपरात छापतीस त्ये माझा ल्योक मला वाचून दावतो."

मला बरं वाटलं. म्हटलं, "तुमी बी ऐकताय व्हय आत्ती?"

"आमच्या भूकंपाचं छापतीस दरसाल."

"व्हय. अकरा डिसेंबर."

"त्ये छापू नगंस."

मला लगेच कळलं नाही. मग आठवलं. आत्तीची पहिली मुलगी सदुसष्टच्या भूकंपात गेली होती. घरात ते कधीतरी एका वाक्यात बोललं गेलं होतं, मी लहान असताना. पहाटे जमीन हलली आणि भिंत आत पडली. आत्ती म्हशीची धार काढायला बाहेर होती म्हणून वाचली.

"मी तशी इसरती," आत्ती पीठ मळत म्हणाली. "दिवाळी झाल्यावर थंडी पडली की मला कसंतरी हुतंय, पण दिवस काय आठवत न्हाई. आमाला कुठली तारीख? ल्योक पेपर घिऊन येतो नि म्हंतो, आई, आज भूकंपाचा दिवस. मग त्यो आखा दिवस जातो माझा. तेवढं नगं छापूस बाय."

परतीच्या वाटेवर मी हे अण्णांना सांगितलं नाही. ते डोळे मिटून बसले होते, झोपले नव्हते.

डिसेंबर आला. दहा तारखेला दुपारी मी दिनविशेष लिहायला घेतला. माणूस चंद्रावर शेवटचा उतरला ते लिहिलं. इंग्लंडच्या राजानं गादी सोडली ते लिहिलं. एक-दोन जन्म लिहिले. कोयना वगळली आणि पान पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला तर भूकंप सर्वांत वर होता, ठळक अक्षरांत, पडक्या घरांच्या जुन्या छायाचित्रासह. संपादकांनी मला बोलावलं. ते रागावले नव्हते.

"आपल्या जिल्ह्यातली एवढी मोठी घटना, आणि तुमच्याकडून राहिली?" ते म्हणाले. "चंद्र कशाला हवाय सातारकरांना? मीच घातली."

मी सांगायचा प्रयत्न केला, की माझी एक आत्या आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एका माणसासाठी कसं वगळणार? उद्या कुणी म्हणेल सव्वीस जानेवारीला भूज नको." ते बरोबर होतं. त्यानंतर मी ती ओळ दरवर्षी स्वतःच घालत राहिले. निदान छायाचित्र तरी येणार नाही, एवढंच मला करता आलं.

अण्णांनी मात्र सोडलं नव्हतं. काही वर्षांनी उन्हाळ्यात ते माझ्याकडं साताऱ्याला चार दिवस आले, तेव्हा जेवताना म्हणाले, "तू कुठली बी तारीख घाल."

"असं कसं घालणार अण्णा?"

"का? मला तरी जन्मतारीख कुठं हुती? शाळंत घातलं तवा मास्तरानं इचारलं, कवा झाला? माझी आय म्हणाली, लय पाऊस हुता. मास्तरानं येक जून ठोकली. वर्गातल्या निम्म्या पोरांची येक जूनच. त्यावर माझं सगळं आयुष्य गेलं. रेशनकार्ड, आधार, सगळीकडं येक जून. मला कुणी म्हणालं का, तू खोटा हायस?"

"ते शाळेसाठी होतं. हा इतिहास आहे."

"दोन्ही लिवल्यालंच की," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच संपादकांकडं गेले. एक जूनला एक ओळ घालू का, नक्की तारीख माहीत नाही असं म्हणून, खोऱ्यातलं एक गाव धरणात गेलं एवढंच. त्यांची सासुरवाडी पाटणची, त्यामुळं त्यांना हे परकं नव्हतं. "एकाच गावाचं?" त्यांनी विचारलं. "खोऱ्यात किती गावं गेली माहिती आहे ना? एकाचं छापलं की बाकीची येतील. सगळ्यांच्या तारखा कुठून आणायच्या? आणि तारीख नाही म्हणता, तर मग तो दिनविशेष कसा?" मग म्हणाले, "त्यापेक्षा वडिलांची मुलाखत घ्या. रविवारच्या पुरवणीला घेऊ."

अण्णांनी मुलाखतीला नकार दिला. "माझं काय छापायचंय? मी गुरं घिऊन आलो, एवढंच."

पुढच्या वर्षी करोना आला. पेपर काही काळ छापलाच नाही, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा पानं निम्मी झाली होती. पंचांग आणि दिनविशेष मुख्य कचेरीतून तयार यायला लागलं. सगळ्या आवृत्त्यांना एकच. नंतर साताऱ्याची कचेरीही आवरली. आम्हाला सांगितलं, घरून बातम्या पाठवा. मग तेही थांबलं. आमच्यातला एकजण आता भाड्यानं गाडी चालवतो. माळावर पेपर यायचा बंद झाला तो पुन्हा आला नाही. फाट्यावरची एसटीच बंद झाली होती.

अण्णा तरीही पारावर जाऊन बसत. भावानं त्यांना मोबाईल दिला होता. त्यात रोज सकाळी कुठूनतरी दिनविशेष यायचा, फुलांचं चित्र आणि खाली यादी. ते मला फोन करून विचारत, "ह्ये तू लिवलंयस का?" नाही म्हटलं की, "तरीच," म्हणत. पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. तारखेचा विषयही काढेनासे झाले. मी माळावर गेले की ते बाजेवर पडलेले असत. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. एकदा मी मुद्दाम म्हशीची गोष्ट काढली, ती कपाळावर चांद असलेली. ते म्हणाले, "कुठली म्हस?" आणि भिंतीकडं वळले. विसरले होते की बोलायचं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही.

ते गेले पावसाळ्यात, भर दुपारी. माळावर पाऊस नव्हता. भावाचा फोन आला तेव्हा मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. त्या तारखेला जगात काय काय झालं ते मला पाठ होतं. इतक्या वर्षांची सवय, त्या क्षणीही डोक्यात एकेक ओळ उमटत गेली. कुठलंसं युद्ध, कुठलासा शोध. मला स्वतःचीच किळस आली.

दहाव्याला आत्ती आली. तिचा मुलगा तिला जीप करून घेऊन आला. इतक्या वर्षांत ती माळावर कधीच आली नव्हती. माझं लग्नही कऱ्हाडला झालं होतं, ती तिथूनच परत गेली होती. अण्णाच तिला भेटायला जायचे. जीपमधून उतरल्यावर ती दाराशी आली नाही, अंगणातच उभी राहून चहूकडं बघत राहिली. बाभळी, पांढरी जमीन, लांबवर पवनचक्क्या.

"पिंड द्यायला कुठं जायाचं? नदी कुठंशी हाय?" तिनं भावाला विचारलं.

"नदी न्हाई आत्ती," भाऊ म्हणाला. "वढा हाय, त्यो कोरडा हाय. उपसा योजनेचा कालवा हाय, पर आता पाणी सोडल्यालं न्हाई. शेजाऱ्याच्या शेततळ्यावर करायचं ठरलंय."

"नदी न्हाईच?"

"न्हाई."

आत्ती खाली बसली. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी पाणी आणायला वळले. ती म्हणाली, "मी दर खेपंला इचारायची, कसं हाय रं तुमच्याकडं? त्यो म्हणायचा, झ्याक हाय आक्का, पाणी हाय, काय कमी न्हाई." मग तिनं पदर तोंडाला लावला. ती रडली ती भाऊ गेला म्हणून, की तो इथं राहिला म्हणून, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

शेततळ्याला निळं प्लॅस्टिक अंथरलेलं होतं. कडेला उतरायला दोर धरावा लागला. पाणी तळाशी होतं, हिरवट. विधी झाला. आत्तीला खाली उतरता येईना, ती वरच काठावर बसून होती.

मी आता इस्लामपुरात असते. नवऱ्याची बदली झाली, म्हणून आलो. इथं स्पर्धा परीक्षांची एक अभ्यासिका आहे, तिच्यासाठी प्रश्न काढून देते. पानशेत धरण कोणत्या दिवशी फुटले, कोयनेचा भूकंप कोणत्या साली झाला, असे चार पर्यायांचे प्रश्न. मुलं दिवसभर घोकत बसलेली असतात. त्यातली थोडी लागतात, बाकीची पुढच्या वर्षी पुन्हा येऊन बसतात, मग यायची थांबतात. तारखा मात्र सगळ्यांना पाठ असतात.

बुडालेल्या गावात जन्मलेलं माळावर आता कुणी नाही. ती पोटरीतल्या भातासाठी रडलेली बाई गेली, भांडणारे दोघं म्हातारेही गेले. भाऊ म्हणतो, पोरं पुण्याला लागली की घर बंद करायचं, इथं ठेवलंय काय. मी त्याला राहा म्हणत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आत्ती गेली. तिच्या मुलाचा फोन आला. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, पेपरात दोन ओळी देता येतील का? तुझी वळख आसंल की."

मी म्हटलं, "न्हाई रे दादा. तिथं आता माझ्या वळखीचं कुणी न्हाई."

"बरं," तो म्हणाला, आणि पाव्हण्यांना सांगायचंय म्हणून त्यानं फोन ठेवला.